न वाकलेला कातळ

भूगोलाच्या सहलीसाठी बारामती आणि इंदापूर हे तालुके कुणी निवडत नाही. शाळांच्या गाड्या घाटात जातात, लोणारला जातात, फार तर निघोजचे रांजणखळगे पाहून येतात. पुणे-सोलापूर रस्त्यानं भिगवण मागे टाकलं की डाव्या हाताला उजनीचं पसरलेलं पाणी, उजव्या हाताला ऊस आणि मधूनमधून डाळिंबाच्या बागा, आणि त्यापलीकडे क्षितिजाला टेकलेला माळ. टेकडी आलीच तर ती पायरीपायरीनं चढते आणि माथ्यावर सपाट होते. हिमालयात रस्त्याकडेला दिसतात तसे उभे झालेले, मुरगळलेले, एकमेकांवर चढलेले थर इथे औषधालाही सापडायचे नाहीत. जमिनीच्या उलथापालथीचा अभ्यास करायला निघालेल्या विद्यार्थ्याला इथे आणलं तर तो विचारेल, की इथे पाहायचं काय?

पाहायचं ते हेच, की इथे काही वाकलेलं नाही. खंड कुठे किती वाकला, कुठे किती आखडला, कुठला तुकडा किती फिरला हे खडकातल्या जुन्या चुंबकत्वावरून मोजता येतं. पण मोजायचं तर कशाच्या तरी तुलनेत मोजावं लागतं. ज्यानं बांधाच्या भांडणात सरकारी मोजणी मागवली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. मोजणीदार आला की तो वादाच्या बांधाकडे आधी जातच नाही. जुन्या नकाशावरचा, जागचा न हललेला हद्दीचा दगड शोधतो आणि तिथून साखळी धरतो. हिमालय आणि तिबेट हा वादाचा बांध. त्याच्या मोजणीला लागणाऱ्या दगडांपैकी एक महत्त्वाचा दगड म्हणजे आपला दख्खनचा काळा कातळ. पुढच्या पानांत जे येणार आहे त्याचं सूत्र एवढंच आहे. मात्र या दगडाची एक गंमत आहे: तो गेल्या साडेसहा कोटी वर्षांत पाच हजार किलोमीटरहून जास्त सरकला आहे. सरकला, पण अख्खाच्या अख्खा सरकला. त्याच्या अंगाला घडी पडली नाही. मोजणीच्या दृष्टीनं तेवढं पुरतं, कारण सरकण्याचा हिशेब वजा करता येतो, घड्यांचा सहजी करता येत नाही.

हा कातळ पाहायला डोंगर चढायची गरज नाही. जिरायती भागातली एखादी जुनी, न बांधलेली विहीर पुरे. सुप्याच्या बाजूला अशा विहिरी अजून आहेत. वर हात-दोन हात माती, कुठे काळी, कुठे नुसती बरड. तिच्याखाली मुरूम. मुरमाखाली विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो ठिसूळ, छिद्राछिद्रांचा खडक. त्या छिद्रांत पांढरे, हिरवट खडे भरलेले असतात, ऊन पडलं की चमकतात. त्याखाली काळा पाषाण लागला की पहार उडते, सुरुंग लावावा लागतो आणि खर्चाचं गणित बिघडतं. त्या पाषाणाच्याही खाली पुन्हा मांजऱ्या, आणि दोहोंच्या मध्ये कधी कधी वीतभर जाडीचा तांबडा, मातीसारखा पट्टा. खणणाऱ्याला या क्रमातून पाणी कुठे लागेल ते कळतं. भूवैज्ञानिकाला यातून कळतं की एक लाव्हाचा थर आला, थिजला, त्याच्या माथ्यावर काही काळ ऊनपाऊस खाऊन माती झाली आणि मग तिच्यावर दुसरा थर येऊन पडला. त्या तांबड्या पट्ट्याचा रंग काही अंशी वरच्या लाव्हाच्या आचेनं आला आहे. ही भाजलेली माती पुढे आपल्या फार कामाला येणार आहे.

असे थर एकावर एक रचत दख्खनचं पठार तयार झालं. आज त्याची व्याप्ती सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. मुळात याहून मोठी होती. वय साधारण 6 कोटी 60 लाख वर्षं, म्हणजे डायनोसॉर संपले तोच सुमार. पश्चिमेला घाटात या थरांची चळत जाड, पूर्वेला जावं तशी पातळ. कोयनेजवळ भोकं पाडली तेव्हा सुमारे 900 मीटर बेसाल्टनंतर, म्हणजे या काळ्या कातळानंतर, खालचा ग्रॅनाइटसारखा पाया लागला. लातूर जिल्ह्यात किल्लारीला तोच पाया 338 मीटरच्या बेसाल्टखाली आणि थोड्या गाळाखाली मिळाला. बारामती-इंदापूर या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येतात. थरांचा उतार आग्नेयेकडे, पण तो एका अंशाहूनही कमी. नुसत्या डोळ्याला तो दिसत नाही, कालव्याच्या पाण्यालाच कळावा इतका.

आता चुंबकत्वाकडे येऊ. कऱ्हेच्या किंवा नीरेच्या वाळूत लोहचुंबक फिरवला तर काळ्या कणांच्या मिशा त्याला चिकटून येतात. लहानपणी हा उद्योग या भागात बहुतेकांनी केलेला असतो. ते कण मुख्यतः मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या एका ऑक्साइडचे, बऱ्याचदा टायटॅनियम मिसळलेले, आणि ते आलेले आहेत बेसाल्ट झिजून. अखंड पाषाणात हेच कण डोळ्याला न दिसण्याइतके बारीक असतात. लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचं तापमान 1100 अंश सेल्सिअसच्या वर असतं. त्या तापमानाला मॅग्नेटाइटला चुंबकत्व धरून ठेवता येत नाही. खडक थिजल्यावरही तो निवतच राहतो आणि 580 अंशांच्या खाली उतरताना (टायटॅनियम जास्त असेल तर आणखी बरंच खाली) प्रत्येक कण त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरतो आणि सोडत नाही. कणाचा आकार योग्य असला तर कोट्यवधी वर्षं सोडत नाही. ही नोंद आपोआप होते, आणि नंतर खडक कुठेही गेला तरी ती खडकाबरोबर जाते.

नोंदीत दोन गोष्टी असतात. एक, उत्तर कुठे होती. दुसरी, सुई किती कललेली होती. विषुववृत्तावर मोकळी टांगलेली चुंबकसुई आडवी राहते, ध्रुवावर ती उभी होते, मधल्या प्रदेशात तिरपी. या तिरपेपणाचं आणि अक्षांशाचं नातं अगदी साधं आहे: कलाचा टॅन हा अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट. बारामतीचा अक्षांश 18.15 अंश. सूत्रात घाला, कल येतो सुमारे 33 अंश, उत्तरेकडचं टोक जमिनीकडे झुकलेलं. (आजची खरी सुई याहून थोडी वेगळी असते, कारण पृथ्वीचं क्षेत्र कुठल्याही एका क्षणी सूत्राबरहुकूम वागत नाही, हजारो वर्षांची सरासरी घेतली तरच ते सूत्राला येऊन मिळतं.) आता दख्खनच्या कातळातला जुना कल पाहा. सरासरी 47 ते 49 अंश, आणि उत्तरेकडचं टोक वर, आकाशाकडे. टोक वर म्हणजे दक्षिण गोलार्ध. उलट गणित केलं की अक्षांश येतो दक्षिणेला 28 ते 30 अंश. लाव्हा निवत होता तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या त्या बाजूला होती. तिथून इथवरचा प्रवास 5,000 किलोमीटरच्या पुढे भरतो, सरासरी वेग वर्षाला सुमारे 8 सेंटिमीटर. हा वेग सगळा काळ सारखा नव्हता. सुरुवातीला तो याच्या दुप्पट होता, आशियाला धडकल्यावर मंदावला. आज पाचएक सेंटिमीटर आहे. शिवाय खडकातली जुनी उत्तर आजच्या उत्तरेपासून 20 ते 25 अंश पश्चिमेला आहे, म्हणजे प्रवासात अख्खा भारत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं तेवढा फिरला.

ही दोन आकड्यांची माहिती आज कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळते. 1950 च्या आसपास ती कुणाकडे नव्हती आणि बहुतेक भूवैज्ञानिकांना ती नकोही होती. वेगेनरनं 1912 साली खंड सरकतात असं मांडलं होतं, पण ते म्हणणं तोवर जवळजवळ मोडीत निघालं होतं. केंब्रिजमध्ये टेड आयर्विंग नावाचा तरुण खडकांच्या चुंबकत्वावर काम करत होता. संख्याशास्त्रातला दादा माणूस रोनाल्ड फिशर तिथे होता. भारत उत्तरेकडे सरकला असेल तर भारतातल्या लाव्हात ते दिसलं पाहिजे, या विचारानं भारतातून दख्खनचे नमुने मागवले गेले. आयर्विंगनं ते मोजले आणि कल दक्षिण गोलार्धाचा निघाला. पुढे 1954 साली त्याच्या प्रबंधाला केंब्रिजनं पीएच.डी. नाकारली. खंडवहनाच्या पुराव्यांत ज्याचं नाव पहिल्या ओळीत घेतलं जातं त्याची ही सुरुवात, आणि तिच्यात आपल्याकडच्या दगडाचा हात आहे, हे मराठी वाचकाला कुणी फारसं सांगत नाही.

दुसरा धागा लंडनचा. नोबेल मिळालेले पॅट्रिक ब्लॅकेट विश्वकिरणांकडून खडकांच्या चुंबकत्वाकडे वळले होते आणि अतिशय मंद चुंबकत्व मोजणारं उपकरण त्यांनी घडवलं होतं. त्यांच्या गटातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी 1956 साली भारतातल्या खडकांवरचा निबंध छापला. ब्लॅकेट यांचे भारताशी आणि होमी भाभांशी निकटचे संबंध होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच विषयाचा गट उभा राहिला आणि 1958-59 मध्ये डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे या तिघांचे दख्खनवरचे निबंध आले. पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी नंतरही हे काम चालू ठेवलं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत आर. एन. आठवले होते, 1972 सालचा त्यांचा आणि अंजनेयुलू यांचा निबंध औरंगाबाद भागातल्या लाव्हावर आहे, आणि त्याच्या शीर्षकातच भूहालचालींचा उल्लेख आहे. 1971 साली उट्रेख्टचे वेन्सिंक आणि क्लूटवाइक यांनी पुण्याजवळच्या घाटातले थर मोजले. क्लूटवाइक पुढे हिमालयात गेले, आणि पुण्याजवळच्या सरळ थरांचा हिमालयातल्या वाकड्या थरांशी काय संबंध ते त्यांच्या पुढच्या कामातून दिसत गेलं.

तो संबंध असा. दख्खनसारख्या न वाकलेल्या भागातून भारताच्या भूपट्टाची (प्लेटची) जागा आणि दिशा कोणत्या काळी काय होती हे ठरतं. मग हिमालयातला त्याच वयाचा एखादा खडक घ्यायचा. तो भारताच्या भूपट्टाचाच भाग असेल आणि कुठेही वळला नसेल तर त्यातली उत्तर दख्खनच्या उत्तरेशी जुळली पाहिजे. जुळत नाही. काही जागी ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरलेली असते, काही जागी उलट, आणि हा फिरकीचा नकाशा काढला की डोंगररांगेची कमान कशी वाकत गेली ते दिसू लागतं. थर आधी चुंबकत्व धरून मग वाकला, की वाकल्यावर धरलं, हेही ओळखता येतं. 1949 साली अमेरिकेच्या जॉन ग्रॅहमनं त्यासाठी सुचवलेली चाचणी आजही वापरतात: घडीच्या दोन्ही बाजूंचे थर कागदावर सरळ करून पाहायचे, सरळ केल्यावर दिशा एकमेकींशी जुळल्या तर चुंबकत्व घडीच्या आधीचं, विस्कटल्या तर नंतरचं.

तिबेटात हाच हिशेब उलट बाजूनं करतात. ल्हासाजवळ लिंझीझोंग नावाचे ज्वालामुखी थर आहेत, दख्खनच्या सुमारास सुरू होऊन पुढे दोनेक कोटी वर्षं चाललेले. त्यांच्यातला कल मोजला की आशियाची दक्षिण कड तेव्हा कोणत्या अक्षांशावर होती ते समजतं. ती आज ल्हासा आहे त्याच्या बरीच दक्षिणेला होती. नेमकी किती, यावर निरनिराळ्या गटांची उत्तरं 5-10 अंशांनी वेगळी येतात आणि भांडण जुनं आहे. पण त्या वेळची कड आणि आजची जागा यांतला फरक म्हणजे आशिया आत किती दबला, आणि दख्खनवरून काढलेली भारताची जागा आणि ती कड यांतलं अंतर म्हणजे मध्ये किती समुद्र आणि किती खंड गिळला गेला, हे दोन्ही हिशेब या मोजमापांवर उभे आहेत. इथे बेसाल्टची आणखी एक मातब्बरी. गाळाचे खडक वरच्या ओझ्यानं दबतात तेव्हा त्यातले चुंबकीय कणही आडवे पडतात आणि कल खोटा, कमी दिसतो. जमीन होती त्याहून विषुववृत्ताच्या जवळ असल्यासारखी वाटते. लाव्हाला हा रोग नाही. म्हणून गाळातून आलेल्या आकड्यापेक्षा लाव्हातून आलेला आकडा मला जास्त भरवशाचा वाटतो, आणि हिमालयाच्या प्रकरणांत मी तो पक्षपात लपवलेला नाही.

मग दख्खन खरंच इतका निश्चल आहे का? किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या आणि कोयनेच्या 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपांनी जे दाखवलं त्यानंतर हा प्रश्न टाळता येत नाही. ढोबळ उत्तर हो असंच आहे. बंगळूर आणि हैदराबादच्या उपग्रहमापन केंद्रांमधलं अंतर जवळजवळ बदलत नाही. हिमालय मात्र दर वर्षाला दोनेक सेंटिमीटर आखडतो. पण निश्चल म्हणजे निर्जीव नव्हे. पनवेलच्या बाजूला घाटाखाली हेच थर समुद्राकडे चांगले झुकलेले आहेत. आणि इंदापूरच्या शेजारी कुर्डुवाडी आहे. 1973 साली कृष्ण ब्रह्मम आणि नेगी यांनी गुरुत्वाकर्षणाच्या मापनांवरून असं मांडलं की बेसाल्टखाली कोयना आणि कुर्डुवाडी अशा दोन जुन्या खचदऱ्या दडलेल्या आहेत. पुढे उपग्रहचित्रांवर तिथे एक लांब रेषा दाखवली गेली, पुण्याच्या पेशवा आणि काळे यांनी तिच्यावर लिहिलं, नद्यांच्या वळणांचे दाखले दिले गेले. सगळ्यांना ते पटलेलं नाही. अशा ठिकाणी, जिथे थर वाकलेले असतीलही पण एखाद्या अंशानं, डोळा हरतो. तिथे चुंबकत्वाचा एक वेगळा उपयोग होतो.

पृथ्वीचं क्षेत्र अधूनमधून उलटं होतं. उत्तरेची दक्षिण होते. फ्रान्समध्ये बर्नार ब्रून यांनी 1906 साली लाव्हाखाली भाजलेल्या मातीत उलटी दिशा पाहिली, आणि वरच्या लाव्हातही तीच. भाजलेली माती आणि लाव्हा, दोन वेगळे पदार्थ, दोघांचं एकच म्हणणं: म्हणजे दोष खडकाचा नाही, क्षेत्रच उलटं होतं. सुप्याच्या विहिरीतला तांबडा पट्टा हीच साक्ष द्यायला बसलेला आहे. दख्खनच्या बऱ्याच थरांत दिशा उलटी आहे, कारण उद्रेकाचा मोठा भाग सुमारे 7 लाख वर्षं टिकलेल्या एका उलट्या काळात झाला. सगळ्यात वरचे थर त्यानंतरच्या सुलट्या काळातले. सुरुवातीच्या संशोधकांना वाटलं की ही उलट-सुलट सीमा सगळीकडे साधारण एकाच उंचीवर, सुमारे 2000 फुटांवर म्हणजे 600 मीटरवर आहे. नियम छान होता. टिकला नाही. महाबळेश्वरला ही सीमा त्याच्या बरीच वर, माथ्याजवळ सापडते.

पण नियम मोडण्यातच फायदा आहे. सीमा एकाच काळाची असेल तर ती जिथे वर दिसते आणि जिथे खाली, त्या फरकातून थरांचा मूळ उतार आणि नंतरची खचणी वाचता येते. बारामती समुद्रसपाटीपासून सुमारे 540 मीटरवर आहे. जुन्या नियमानं गावातला कातळ सरळ उलटा ठरतो. पण थर आग्नेयेकडे उतरतात, म्हणजे घाटमाथ्यावरचे वरचे, सुलटे थर पूर्वेला जाताना खाली येत जातात. उंचीवरून कुणी उलटं-सुलटं सांगू लागला तर ऐकू नका. भोक पाडून नमुना काढल्याशिवाय इथे बोलायचं नसतं.

नमुना काढणं दिसतं तितकं सरळ नाही. पेट्रोलवर चालणारं छोटं ड्रिल, हिऱ्याचे कण बसवलेली पोकळ नळी, वरून हातपंपानं सोडलेलं पाणी. काळ्या चिखलाच्या चिळकांड्या अंगावर घेत पाच-सात मिनिटांत अडीच सेंटिमीटर व्यासाची कांडी कापली जाते. ती लगेच उपटायची नाही. कांडी खडकात उभी असतानाच तिच्या फटीत पितळी नळी सरकवायची, तिरपेपणा मोजायचा, दिशा मोजायची, कांडीवर रेघ ओढायची आणि मगच मुळापासून मोडायची. रेघेविना कांडी म्हणजे नुसती खडी. दिशा मोजताना होकायंत्रावर विसंबून चालत नाही, कारण आजूबाजूचा कातळ स्वतःच चुंबक असतो आणि सुईला ओढतो. म्हणून सूर्यहोकायंत्र: छोट्या तबकडीवर उभी काडी, तिची सावली, आणि घड्याळातली वेळ मिनिटापर्यंत. ढगाळ दिवशी काम थांबतं. गावकऱ्यांना या माणसांचा पहिला संशय पाण्याचा येतो, दुसरा सोन्याचा. बेसाल्टमध्ये सोनं नसतं हे सांगून पटत नाही, तेव्हा चहा घ्यावा आणि कांडी हातात द्यावी.

जागा निवडण्यातही डोकं लागतं. माळावरचा उघडा, उंच कातळ दिसायला सोयीचा, पण तिथे कधीतरी वीज पडलेली असण्याचा संभव मोठा, आणि विजेच्या प्रवाहाचं क्षेत्र जुनी नोंद पार पुसून टाकतं. होकायंत्र खडकावरून एक हात सरकवलं आणि सुई वीस-तीस अंश फिरली तर ती जागा सोडून द्यायची. यासाठी दगडखाण, विहिरीचा कडा, कालव्याचा किंवा रस्त्याचा खोल काप बरा. नीरा डाव्या कालव्यावर आणि शेततळ्यांच्या खोदकामांत या दोन तालुक्यांना अशा जागांची वानवा नाही. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था 2009 साली आली, तिला मिळालेली जमीन म्हणजे शुद्ध खडकाळ माळ. तो फोडून शेती करण्याजोगी माती करावी लागली. शेतीच्या अंगानं ती कथा सांगितली जाते. माझ्यासारख्याला तिथे आधी फोडलेला ताजा पाषाण दिसतो.

प्रयोगशाळेत पुढचं काम नोंदीवरची धूळ झटकण्याचं. गेल्या काही लाख वर्षांत आजच्या क्षेत्रानं दुबळ्या कणांवर आपली दिशा चढवलेली असते, आणि दख्खनमध्ये हा थर चांगलाच जाड असतो. कांडीचा तुकडा क्षेत्रमुक्त भट्टीत 100, 200, 300 असा टप्प्याटप्प्यानं तापवायचा, दर वेळी निववून मोजायचा. वरवरची दिशा आधी उडून जाते. उरते ती जुनी, आणि 580 च्या आसपास तीही संपते. एका थराचं उत्तर तेवढ्यानं मिळतं, पण एक थर म्हणजे एक क्षण, आणि क्षणाचं क्षेत्र दहा-वीस अंशांनी भरकटलेलं असू शकतं. अनेक थरांची सरासरी घेतली तरच ध्रुव विश्वासार्ह. क्षेत्र किती भरकटतं हे आपल्याला माहीत आहे त्यात कुलाबा-अलिबागचा वाटा आहे: कुलाब्याला 1841 पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून नानाभॉय मूस यांनी वेधशाळा अलिबागला हलवली, आणि 1904 पासून तिथली नोंद अखंड चालू आहे.

एक कोडं इथेच सांगून ठेवतो, कारण पुस्तकात ते दोनदा डोकावेल. दख्खनचा लाव्हा ज्या तप्त बिंदूवरून आला असं मानतात तो आज रियुनियन बेटाखाली आहे, 21 अंश दक्षिणेला. कातळ मात्र 28 ते 30 सांगतो. खडक चुकला म्हणावं तर शेकडो थर एकच सांगतात. मग एक तर तप्त बिंदू सरकला, किंवा अख्खी पृथ्वीच आपल्या अक्षाच्या तुलनेत कलंडली. वांदाम आणि कूर्तियो या फ्रेंच संशोधकांनी दुसऱ्या शक्यतेवर बरंच लिहिलं आहे. मला पहिली जास्त संभवनीय वाटते.

बारामती तालुक्यात खडकाइतकंच नदीकाठच्या मातीलाही चुंबकत्व आहे, आणि त्याचा सर्वांत रंगलेला वाद मोरगावचा आहे. मयुरेश्वराचं मोरगाव कऱ्हेकाठी आहे. तिथल्या जुन्या नदीगाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच गाळात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळतात. दख्खनशी या राखेचा काही संबंध नाही. ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, वाऱ्यानं आलेली. टोबाचा शेवटचा महाउद्रेक सुमारे 74,000 वर्षांपूर्वी झाला. जुन्नर तालुक्यातल्या कुकडीकाठच्या बोरीला अशीच राख आहे. राखेच्या रसायनावरून अनेकांनी ती त्याच उद्रेकाची ठरवली. बोरीच्या राखेची किरणोत्सर्गी मापनं मात्र पावणेसात लाखांपासून 14 लाखांपर्यंत गेली. डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा, सुषमा देव, एस. एन. राजगुरू यांनी 2000 नंतर मोरगावला उत्खनन केलं. 2007 साली सतीश सांगोडे, मिश्रा आणि सहकाऱ्यांनी या गाळाचं चुंबकत्व मोजून छापलं, आणि त्यांना राखेशी निगडित गाळात उलटी दिशा मिळाली. पृथ्वीचं क्षेत्र शेवटचं सुलटं झालं ते सुमारे 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वी. गाळ उलट्या काळातला असेल तर तो त्याहून जुना, आणि मग राख 74,000 वर्षांची असू शकत नाही. ती टोबाच्या आधीच्या एखाद्या उद्रेकाची असली पाहिजे. हत्यारंही तेवढीच मागे जातात.

हा निकाल सर्वमान्य झालेला नाही. नदीचा गाळ म्हणजे लाव्हा नव्हे. त्यात चुनखडीचे खडे धरतात, ओलं-कोरडं होताना कण हलतात, बेसाल्टमधून झिजून आलेले कण आपल्याबरोबर काय काय घेऊन येतात हे वेगळं काढावं लागतं. मला तरी उलटी दिशा सहजी झटकून टाकता येत नाही, कारण नंतर चढणारी दिशा ही आजची, सुलटी असते. उलटी दिशा चुकून चढायला वाव कमी. शेवटचं प्रकरण या वादाला दिलं आहे. ते वाचण्याआधी मोरगावला गेलात तर देवळाकडून नदीकडे उतरा आणि काठाच्या कापात राखेचा फिकट थर शोधा: बोटांत घेतला तर पिठासारखा, चुरडला की काचेसारखा कचकचतो. खालचा गाळ उकरू नका, नमुना खिशात घालू नका. तिथल्या मातीची दिशा पुन्हा मोजायची आहे, आणि उकरलेल्या मातीला दिशा राहत नाही.